चौदा नंबरच्या खाटेवरचा माणूस

१

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं. एका सोमवारी दुपारी धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले आणि नदीकाठच्या वृद्धनिवासात गुडघाभर पाणी शिरलं. तिथली चाळीस म्हातारी माणसं अंधार पडायच्या आत तीन ठिकाणी हलवली गेली. एकालाही खरचटलं नाही, म्हणून गावभर कौतुक झालं. ते कौतुक बुधवारी सकाळी साडेआठपर्यंत टिकलं.

साडेआठला इस्पितळात चौदा नंबरच्या खाटेपाशी एक बाई येऊन उभी राहिली. परगावच्या पोस्टात नोकरीला होती, मिळेल ती बस पकडून आली होती. तिनं खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, पायाशी लावलेला कागद वाचला आणि परत म्हाताऱ्याकडे बघितलं.

"हे माझे बाबा नाहीत," ती म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, पुराच्या धक्क्यानं त्यांना अर्धांगाचा झटका आलाय. वाचा गेलीय, तोंड वाकडं झालंय. किती वर्षांनी बघताय?"

"तीन."

"मग? तीन वर्षं आणि वर झटका. घरचं माणूससुद्धा परकं दिसतं."

"सिस्टर, माझे बाबा घड्याळजी. मी पाच वर्षांची असताना लेथमध्ये त्यांच्या डाव्या करंगळीचं पेर गेलं. झटक्यानं तोंड वाकडं होत असेल, तुटलेलं बोट परत उगवतं का?"

सिस्टरांनी पांघरूण बाजूला केलं. म्हाताऱ्याचा डावा हात खाटेच्या दांडीवर होता. पाचही बोटं शाबूत होती आणि मूठ करून तो हात दांडीवर ठोकत होता. ठक. ठक. ठक.

मोठ्या सिस्टर सरळ फोनकडे गेल्या.

फोन वाजला तेव्हा तक्तेबाई वेणी घालत होती. तिला सगळे तक्तेबाई म्हणत, कारण नोंदींचा तक्ता तिचा होता. त्याआधी वीस वर्षं ती ग्रंथालयात सूचीचं काम करत होती. मग चार संस्थांनी मिळून तिला उसनी घेतली, कारण त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. वृद्धनिवास खोल्या मोजायचं, इस्पितळ खाटा मोजायचं, रुग्णवाहिका फेऱ्या मोजायची आणि टेकडीवरचं आरोग्यधाम ताटं मोजायचं. माणूस कोणीच मोजत नव्हतं. एका आजींची तर दोन ठिकाणी मृत म्हणून नोंद झाली होती आणि तिसऱ्या ठिकाणी त्या दुपारच्या जेवणाला हजर होत्या.

दोन वर्षं खपून तक्तेबाईनं हिरव्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक वही तयार केली, तोच हा तक्ता. आपल्या कामात वस्तू कुठल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे पानापानावर आखून दिलं. व्यक्ती, खाट, फेरी, आजार, औषध, नातेवाईक. व्यक्ती खाटेवर असते, पण खाट म्हणजे व्यक्ती नव्हे. औषध आजाराला असतं, खाटेला नव्हे. चार संस्थांकडे चार प्रती. सगळ्यांनी तेच रकाने भरायचे, त्याच शब्दांत लिहायचं, आणि प्रत्येक माणसाच्या मनगटाला त्याचं कार्ड बांधायचं.

"काय झालं?" शिवणयंत्रावरून नणंदेनं विचारलं.

"माणूस हरवलाय."

"तक्त्यातून की खरोखरचा?"

तक्तेबाईची वेणी अर्धीच राहिली. तिनं केसांची गाठ मारली आणि जिना उतरली.

२

इस्पितळ वीस मिनिटांवर होतं. ती बारा मिनिटांत पोचली आणि पोचल्यावरही बसली नाही. ह्या बाईला अस्वस्थ झाल्यावर बसताच येत नसे. चालता चालता वाचायची, चालता चालता विचारायची.

कागद निर्दोष होते, आणि तेच तिला खटकलं. वृद्धनिवासाच्या यादीत घड्याळजी, वय एकाहत्तर, साखरेचा आजार, लाल कार्ड. रुग्णवाहिकेच्या कागदावर तेच. इस्पितळाच्या कागदावर तेच. कुठे काना-मात्रेचा फरक नव्हता. पूर्वी नोंदी चुकायच्या तेव्हा एक कागद दुसऱ्याशी भांडायचा आणि चूक कळायची. आता सगळे कागद एका सुरात बोलत होते.

"डॉक्टरांनी तपासलं ना?" तिनं विचारलं.

"काल. त्यांनी लिहिलं, धक्क्यानं नवीन झटका. लगेच हातापायाचे व्यायाम सुरू केले. पूर्वी झटका आल्याचं कार्डावर काहीच नव्हतं, मग नवीनच की!"

"आणि रक्त?"

"प्रयोगशाळेत कंबरेइतकं पाणी, बाई. उद्या सुरू होईल." सिस्टर वैतागल्या होत्या. "हे कार्ड काढायचं म्हटलं तर ते पण निघेना. बाकीच्यांची चादरीच्या पट्टीनं बांधलीत, ओढलं की सुटतात. ह्याची गाठ बघा."

तक्तेबाई वाकली. बारीक, चिवट दोरा. त्याला दोनदा फिरवून मारलेली, तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. आणि ती होती डाव्या, चालत्या हातावर. उजवा हात तर लुळा. म्हणजे ही गाठ ह्या माणसानं स्वतः मारलेली नव्हती. कोणीतरी सावकाश, मन लावून मारली होती. घाईगर्दीत असं कोणी बांधत नाही.

गाठीखालचं मनगट ओलं होतं. तिनं वर पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ओठ थरथरत होते. ठोकणारी मूठ मंदावली होती.

"ह्यांना घाम कधीपासून येतोय?"

"कालही सकाळी आला होता. घाबरलेत बिचारे. गोड चहा दिला, बरं वाटलं."

"सिस्टर, आज सकाळी औषध काय दिलंत?"

"कार्डावर आहे तेच. सात वाजता इन्शुलिन."

तक्तेबाईनं कार्डावरच्या 'साखरेचा आजार' ह्या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे जर घड्याळजी नसतील," तक्तेबाई हळू म्हणाली, "तर ह्यांना साखरेचा आजार कशावरून?"

ठोकणं थांबलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे पांढरे झाले आणि मान एका बाजूला कलली.

३

मोठ्या सिस्टर धावल्या. पोस्टातल्या मुलीनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर धरलं, जणू ते तिच्याच बापाचं होतं. शिरेतून ग्लुकोज गेलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग डोळे उघडले आणि डाव्या हातानं चाचपडत परत दांडी शोधली. ठक.

"वाचले," सिस्टर म्हणाल्या आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या. "पण तक्तेबाई, ज्याला नको त्याला मिळालं. ज्याला हवं त्याचं काय? सोमवारपासून सुईच नाही. आज तिसरा दिवस. एकाहत्तर वर्षांचा माणूस गुंगीत जायला किती वेळ लागतो? संध्याकाळच्या आत सापडायला हवा."

मुलीचा चेहरा उतरला. "माझ्या भावानं नेलं असणार त्यांना," ती एकदम म्हणाली. "गेल्या रविवारी भांडून आलाय. म्हणाला, स्वतःच्या पायांनी आला नाहीत तर उचलून नेईन."

भावाचा छापखाना गावातच होता. फोनवर यंत्रांचा खडखडाट आणि त्याच्यावरून त्याचं ओरडणं ऐकू आलं.

"उचलून नेईन म्हणालो, खरं आहे! इथं माझ्या घरी येऊन राहा म्हणून गेली दोन वर्षं पाया पडतोय. ते म्हणतात, मी गेलो तर शेजारच्याशी बुद्धिबळ कोण खेळेल? आता एका बुद्धिबळासाठी... ताई तिथं आहे का? तिला सांगा, मी नेलं असतं तर आधी तिला मिरवून दाखवलं असतं!" मग आवाज खाली आला. "बाबा कुठायत?"

तो खोटं बोलत नव्हता. यंत्रं बंद झाल्याचं फोनमधून कळलं.

वृद्धनिवासाचे व्यवस्थापक आले. दोन महिन्यांपूर्वीच नेमलेले. कंबरेला एवढा मोठा जुडगा, की सगळे त्यांना चावीसाहेब म्हणत. खोल्यांची कुलुपं त्यांना पाठ होती, खोल्यांतली माणसं नव्हती.

"हे कोण?" तक्तेबाईनं चौदा नंबरकडे बोट दाखवलं.

त्यांनी वाकून कार्ड वाचलं. "घड्याळजी."

"कार्ड नका वाचू. तोंड बघून सांगा."

चावीसाहेबांनी तोंड बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम, खरं सांगू? तोंडं आमच्या औषधं देणाऱ्या मावशीला माहीत. मी दारात उभा राहून कार्डं वाचली. लाल ते उपचाराचे, इस्पितळात. निळं ते नुसत्या सांभाळाचे, टेकडीवर नाहीतर शाळेच्या वसतिगृहात. तुमच्याच तक्त्यात आहे, पान एकतीस."

"कार्डं किती वाचलीत?"

"चाळीस."

"आणि माणसं?"

"चाळीस. दोनदा मोजली."

"मावशी कुठाय?"

"तिचंही घर पाण्यात गेलंय. बहिणीकडे आहे म्हणे. निरोप धाडलाय."

तक्तेबाई खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालू लागली. चाळीस कार्डं, चाळीस माणसं. बाहेरचा कोणी आत आला नाही, आतला कोणी बाहेर गेला नाही. मग चौदा नंबरवरचा हा माणूस ह्या चाळिसांतलाच. ह्याच्या हातावर घड्याळजींचं कार्ड, तर घड्याळजींच्या हातावर ह्याचं. पण हा कोण? कार्ड दुसऱ्याचं, तेव्हा झटका जुनाही असू शकतो.

तिनं आजचे कागद मागवले. अर्धांगवायू झालेला, इस्पितळात नसलेला पुरुष. असे दोन निघाले. वसतिगृहात एक सुतार आणि टेकडीवर एक मोजणीदार, ज्यानं तीस वर्षं नदीच्या पाण्याची पातळी मोजायची नोकरी केली होती. टेकडीच्या कागदावर त्याच्यापुढे 'विशेष'च्या रकान्यात लिहिलं होतं : 'खुणेने पाणी मागतात, दिवसभर.' तशा घाईतही तिला गंमत वाटली. जन्मभर पाणी मोजलं, आता पितोय.

"दोन्हीकडे फोन लावा!" मुलगी म्हणाली.

"तिकडच्या फोनच्या तारा वाहून गेल्यात," सिस्टर म्हणाल्या. "कागद रुग्णवाहिकेतून येतात. पूल खचल्यापासून टेकडीला जायला दोन तास, वसतिगृहालाही दोन, आणि दिशा उलट्या. गाडी एकच."

घड्याळात साडेअकरा झाले होते. आधी चुकीच्या दिशेला गेलं, तर तिकडून परतून दुसरीकडे पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती.

४

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर अंगणात पाना घेऊन गाडीखाली आडवा होता. त्याचा आवाज असा, की गाडीचा भोंगा बिघडला तरी अडत नसे. म्हणून तो भोंगा.

"सोमवारी चौदा नंबरवाल्याला तू आणलंस?" तक्तेबाईनं वाकून विचारलं.

"मी सगळ्यांनाच आणलं!" गाडीखालून आवाज आला. "तोंडं विचारू नका. मी पुढं बघतो, मागं नाही. मागं बघितलं असतं तर चाळीसच्या चाळीस नदीत!"

"तुझा कागद मी बघितला. त्यात काहीच नाही."

"नसणारच!" तो सरपटत बाहेर आला, तोंडाला ग्रीस. "तो कागद तुमचा. माझा नाही."

"म्हणजे?"

भोंग्यानं हात पुसले, खिशातून एक चुरगळलेली वही काढली आणि छातीशी धरली. "आधी कबूल करा, की हसणार नाही."

"अरे, माणूस मरतोय तिकडे!"

"बरं, बरं. मागच्या वर्षी बैठकीत मी काय म्हणालो होतो आठवतं? झोपून किती आणि बसून किती, हा रकाना ठेवा. मला जागा बघावी लागते. झोपलेला एक म्हणजे बसलेले तीन. तर तुम्ही म्हणालात..."

"झोपणं-बसणं ही त्या फेरीपुरती गोष्ट आहे, व्यक्तीची नाही," तक्तेबाई पुटपुटली. तिला तो दिवस लख्ख आठवला. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास, भोंग्याचं हिरमुसलेलं तोंड, आणि पट्टी धरून त्या रकान्यावर तिनंच मारलेली सरळ रेघ. तक्ता तेव्हा किती नेटका दिसला होता.

"तुम्ही खोडलात. मी माझ्या वहीत ठेवला. घ्या."

तिनं वही बॉनेटवर ठेवली, शेजारी कार्डांची यादी पसरली. बोट सरकू लागलं.

इस्पितळाच्या दोन फेऱ्या. लाल कार्डांप्रमाणे झोपवून आणायला हवेत असे दोघेच : खुब्याचं हाड मोडलेल्या आजी आणि मणका सरकलेले आजोबा. भोंग्याच्या वहीत मात्र झोपलेले तीन.

वसतिगृहाच्या दोन फेऱ्या. यादीप्रमाणे झोपवून न्यायचा एक, सुतार. वहीत झोपलेला एक. बरोबर.

टेकडीच्या दोन फेऱ्या. यादीप्रमाणे झोपवून न्यायला हवा असा एक, मोजणीदार. वहीत : आठ बसून. सात बसून. झोपलेले, शून्य.

"भोंग्या," तिचं बोट 'शून्य'वर थांबलं, "टेकडीला नेलेल्यांत एकही झोपलेला नव्हता? खात्री?"

"झोपलेला असता तर पंधरा माणसं दोन फेऱ्यांत मावली असती का? तिसरी मारावी लागली असती. आणि डिझेल..."

"डिझेल राहू दे!"

एक झोपणारा माणूस टेकडीला जायचा तो इस्पितळात आला होता, आणि एक चालता-बसता माणूस इस्पितळात यायचा तो टेकडीला गेला होता. खाटेवर हात ठोकणारा हा मोजणीदार. आणि ते पाणी! 'खुणेने पाणी मागतात, दिवसभर.' तहान. साखर वाढलेल्या माणसाची न भागणारी तहान. सकाळी ती त्या ओळीला हसली होती.

"गाडी काढ," ती म्हणाली. "टेकडी."

५

फाटकातच गाडी करकचून थांबली. पुढे एक ठेंगणी बाई दोन्ही हात पसरून उभी होती.

"मला नेल्याशिवाय जाल तर बघा!" मावशी म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत मागच्या फळीवर चढून बसली. वृद्धनिवासात ती अठरा वर्षं होती. औषधं द्यायची, पाठी चोळायची, भांडणं सोडवायची. तिचं स्वतःचं घर दोन दिवस पाण्यात होतं, पण तिनं आधी विचारलं ते, "माझी माणसं नीट आहेत ना?"

एका बाजूला पोस्टातली मुलगी, दुसऱ्या बाजूला तक्तेबाई, मधे बर्फाच्या डब्यात इन्शुलिन. गाडी खड्ड्यांतून उडत होती. तक्तेबाईनं कापून आणलेला दोरा दाखवला.

"ही गाठ तुझी?"

मावशीनं दोरा डोळ्यांजवळ धरला. "छे! मी चादर फाडून फाडून बांधली कार्डं. ही..." ती थांबली. तिनं मुलीकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "ही तुझ्या बाबांची गं. ते लंबक टांगतात ना, त्याची."

दोरा मावशीच्या हातातून मुलीच्या हातात गेला. मग मुलगी ओरडली, "बाबांनी? स्वतःचं कार्ड स्वतः काढून दुसऱ्याला बांधलं? कशासाठी?"

"सांगते. सोमवारी दुपारी मोजणीदार खिडकीतून घाटाच्या पायऱ्या बघत पडले होते. बोलता येत नाही, चार वर्षं झाली. एकदम दांडीवर ठोकायला लागले. मी म्हटलं, लघवी लागली असेल. तुझ्या बाबांनी मात्र ठोके मोजले. म्हणाले, मावशी, हा पायऱ्या मोजतोय, बुडलेल्या! दहा मिनिटांपूर्वी सहा होत्या, आता नऊ. उचला सगळ्यांना! पाणी यायच्या तासभर आधी आम्ही आवरायला घेतलं ते त्यामुळे. नाहीतर खालच्या खोलीतल्यांचं काय झालं असतं देव जाणे."

"मग?"

"मग साहेब कार्डं वाटत आले. तुझ्या बाबांना लाल, मोजणीदारांना निळं. बाबांनी विचारलं, निळं म्हणजे काय? साहेब म्हणाले, नुसता सांभाळ, ह्यांच्यावर आता उपचार नाहीत. बाबा असे लाल झाले! म्हणाले, चाळीस जणांना ज्यानं वाचवलं त्याला बरं करायचंच नाही, हे ठरवलं कोणी? साहेब म्हणाले, तक्त्यात आहे."

मावशीला माहीत नव्हतं तक्ता कोणाचा ते. तक्तेबाई खिडकीबाहेर बघत राहिली. पान एकतीस. उपचाराचे, सांभाळाचे. दोनच रकाने, कारण तीन केले तर चौघांचं एकमत होईना.

"थोड्या वेळानं मी बघते तर बाबा त्यांच्या खाटेशी वाकलेले. मला वाटलं, निरोप घेतायत."

"अहो, पण इन्शुलिन!" मुलगी रडत होती. "त्यांना कळत नव्हतं का?"

"अगं, आमच्याकडे सुई मी द्यायचे. तोंड बघून. कार्ड बघून सुई टोचतात हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल."

भोंग्यानं वळण घेतलं. आणि वेग आणखी वाढवला.

६

आरोग्यधामाच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत, एक उंच म्हातारा उजवा हात मांडीवर टाकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारी रिकामा तांब्या. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि श्वास जड चालला होता. डाव्या करंगळीला पेर नव्हतं.

"बाबा!"

त्यानं मुलीकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी लकाकलं आणि विझलं. तोंड तसंच वाकडं राहिलं. चार वर्षं ज्याच्या समोर बसून डाव खेळला, त्याची नक्कल त्याला अचूक जमत होती.

"कार्डावर आहे की नाही बघा, अर्धांग, वाचा नाही," तिथली परिचारिका म्हणाली. "पाय ओढत जरासे चालतात. तीन दिवसांत चकार शब्द नाही. बाकीच्यांत येत नाहीत, दिवसभर इथेच."

मुलगी त्याच्या पायाशी बसली, हात धरला, हाका मारल्या. तो ढिम्म. तक्तेबाईला कळलं, की हा मुलीसाठीसुद्धा तोंड उघडणार नाही. बोलला तर मित्राची खाट जाईल, एवढंच त्याच्या गुंगावलेल्या डोक्यात शिल्लक होतं. आणि सुई टोचायची, तर हाच घड्याळजी हे परिचारिकेला कागदावर हवं होतं. "मी कार्डाबाहेर काही देणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय, बाई."

तक्तेबाई उभीच होती. आता ती त्याच्या समोर फरशीवर बसली. गाडी सोडली तर त्या दिवसातलं तिचं पहिलं बसणं.

"घड्याळजी," ती म्हणाली, "मोजणीदार आज सकाळी जाता जाता राहिले. तुमच्या कार्डावरचं इन्शुलिन त्यांना टोचलं. दोन दिवस."

वाकडं तोंड हळूहळू सरळ झालं. "काय?" आवाज गंजल्यासारखा निघाला. "त्याला? त्याला कशाला?"

"कार्ड तुमचं होतं."

"तोंड नाही बघितलं कोणी?"

"नाही."

"आहे का तो?"

"आहे. परत दांडी ठोकतोय."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मुलीनं त्याचा हात घट्ट धरला. परिचारिका आधीच सुई भरत होती.

"मला वाटलं होतं," तो थांबत थांबत म्हणाला, "आठवडाभर सुई चुकली तर काय होतंय. पूर्वीही चुकलीय. त्याला तेवढ्यात डॉक्टर तरी बघतील. बंद पडलेलं घड्याळ मी उघडून न बघता कधी परत केलं नाही, बाई. उघडून तर बघा! न बघताच निळं लावलं." त्यानं डोळे उघडले. "कोणी केले हो ते दोन रकाने?"

परिचारिकेनं सुई टोचली. 

"मी," तक्तेबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. घड्याळ उघडल्यावर आतलं चाक बघतात तसं.

"मग दुरुस्त होईल," तो म्हणाला. "केलंय त्या माणसाला सापडतंय, म्हणजे होईल. आधी पाणी द्या."

७

घड्याळजी सहा दिवस आरोग्यधामात राहिले आणि मग स्वतःच्या कार्डावर इस्पितळात आले. डॉक्टरांनी त्यांना मोजून अर्धा तास झापलं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. मुलाकडे राहायला गेले नाहीत, पण दर रविवारी त्याच्या छापखान्यात जेवायला जात. बहीणभाऊ आधीसारखेच भांडत, फक्त आता समोरासमोर, कारण पोस्टातल्या मुलीनं बदली मागून घेतली होती.

चावीसाहेबांनी जुडगा खुंटीला टांगला आणि महिनाभर मावशीच्या मागे वहीपेन्सिल घेऊन हिंडून चाळीस तोंडं पाठ केली. मावशीचं घर पडलं ते पडलंच. ती वृद्धनिवासात राहायला आली आणि पुढे तिथेच म्हातारी झाली. भोंग्याचा 'झोपून / बसून' हा रकाना चारही प्रतींत छापला गेला. ते पान त्यानं गाडीत काचेवर लावलं होतं, देवाच्या तसबिरीच्या जागी.

तक्तेबाईनं राजीनामा लिहिला होता. नणंदेनं तो वाचला आणि त्यावर मापं लिहून टाकली. "पळून जातेस? कापड बेतताना चुकलं तर कापड टाकून देतात का गं?" तक्तेबाई राहिली. तिनं पान एकतीस फाडलं. 'व्यक्ती'च्या पानावर 'अंगावरची खूण' आणि 'ओळखणारं माणूस' असे दोन रकाने वाढवले. वहीच्या शेवटी एक पान तिनं अगदी कोरं ठेवलं. त्यावर मथळा घातला : 'इथे न बसणारं'. जो जे म्हणेल ते त्यात लिहायचं, आणि दर महिन्याच्या बैठकीत ते पान सगळ्यांत आधी वाचायचं. निवृत्त झाली तेव्हा मूळ वहीला अशी कोरी पानं एकशे बारा जोडलेली होती आणि एकही कोरं उरलेलं नव्हतं.

मोजणीदारांना पुन्हा निळं कार्ड बांधायची हिंमत कोणाला झाली नाही. चुकून सुरू झालेले व्यायाम चालूच राहिले. पाय परत आले नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं आली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी, चौदा नंबरच्या खाटेवर पट मांडलेला असताना, त्यांनी वजीर सरकवला आणि तोंडातून आवाज काढला. घड्याळजींना वाटलं खोकला. मोजणीदारांनी दांडीवर मूठ आपटली आणि परत काढला, ह्या वेळी स्पष्ट.

मोठ्या सिस्टरांनी तो शब्द त्या दिवशीच्या कागदावर, मोजणीदारांच्या नावापुढे, 'विशेष'च्या रकान्यात लिहिला. संध्याकाळी तो कागद नेहमीप्रमाणे चारही ठिकाणी गेला आणि चारही ठिकाणी काना-मात्रेचा फरक न होता उतरवला गेला :

'शह दिला. बोलून.'